डावीकडच्या खुर्चीत बसणाऱ्या कॅप्टनांना खुलं पत्र

आदरणीय कॅप्टन,

सप्रेम नमस्कार.

मी वैमानिक नाही आणि विमानांचं शिक्षणही मी घेतलेलं नाही. माझी मुलगी सहवैमानिक आहे. ती प्रवासी जेटच्या कॉकपिटमध्ये उजवीकडच्या खुर्चीत बसते आणि तुमच्यापैकी कुणी ना कुणी रोज तिच्या डाव्या हाताला बसलेलं असतं. या पत्राचा माझा अधिकार एवढाच. तिला विचारून लिहिते आहे. कंपनी, विमानतळ, तारीख यांतलं काहीही लिहिणार नाही, कारण मला कुणाची तक्रार करायची नाही. मला तुमच्याकडे काहीतरी मागायचं आहे.

तिला नोकरी लागून सात-आठ महिने झाले होते. एका रात्री ती घरी आली, बॅग दारातच ठेवली आणि गणवेशावरच पलंगाच्या कडेला बसून राहिली. बूटसुद्धा काढले नाहीत. मी पाणी दिलं, ते तिने हातातच धरून ठेवलं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आई, आज मी गप्प बसले."

झालं होतं ते असं. विमानाला खाली येण्याची परवानगी जरा उशिरा मिळाली, त्यामुळे उंची जास्त राहिली. ती कमी करताना वेग वाढला. हजार फुटांवर वेग ठरलेल्यापेक्षा २० नॉट (म्हणजे तासाला २० सागरी मैल) जास्त होता. ती म्हणाली, "स्पीड." कॅप्टन म्हणाले, "करेक्टिंग." पाचशे फुटांवरही तो १२ नॉट जास्तच होता. त्यांच्या कंपनीचा नियम स्पष्ट आहे की इथे उतरण्याचा नाद सोडायचा, इंजिनांना ताकद द्यायची आणि वर निघून जायचं. म्हणजे गो-अराउंड. "शब्द जिभेवर होता गं," ती म्हणाली. पण तोंडातून पुन्हा "स्पीड" एवढंच आलं, तेही आधीपेक्षा हळू.

मग तिने मला हाताने दाखवलं. डाव्या हाताचा पंजा म्हणजे धावपट्टी आणि उजवा पंजा म्हणजे विमान. उजवा पंजा डाव्यावर दोन बोटं वर धरून ती पुढे नेत राहिली, नेत राहिली, पार बोटांच्या टोकापर्यंत. "असं तरंगत होतं. टेकायलाच तयार नाही." शेवटी विमान टेकलं, ब्रेक जोरात लागले, पट्ट्याने सगळे पुढे खेचले गेले, आणि शेवटच्या वळणाच्या थोडंसं आधी विमानाचा वेग आवाक्यात आला. केबिन क्रूमधल्या मुलीने नंतर तिला सांगितलं की मागे काही प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या.

कॅप्टन भला माणूस होता. हे मुद्दाम लिहिते, कारण ती स्वतःच मला तीन-चारदा म्हणाली. विमानतळावरून गाडीतून जाताना त्यांनी तिच्या पुढच्या परीक्षेची चौकशी केली, कुठली पुस्तकं वाच ते सांगितलं. आरडाओरडा करणारा, हाताखालच्याला तुच्छ लेखणारा कॅप्टन असता तर मला हे पत्र लिहायला सोपं गेलं असतं. पण इथे वीस वर्षांचा अनुभव असलेला, प्रेमळ, मुलीला वडिलांसारखा वाटणारा माणूस होता. आणि त्याच्यासमोर तिला "गो-अराउंड" हा शब्द उच्चारता आला नाही. तिच्या मनात काय आलं माहीत आहे? "सर बघतायत ना, मग त्यांना दिसत असेलच."

विमानातल्या नोंदींवरून कंपनीला ते अवतरण कळलं. कॅप्टनना बोलावलं गेलं, बोलणं झालं. तिला कुणीही बोलावलं नाही. तू का थांबलीस, काय आडवं आलं, हा प्रश्न तिला आजतागायत कुणी विचारलेला नाही.

त्यानंतर मी वाचायला लागले. अपघातांचे चौकशी अहवाल सगळ्यांना वाचायला खुले असतात. सुरुवातीला काही कळायचं नाही. एकेक शब्द तिला फोन करून विचारायचे. माझी समजूत अशी होती की उतरताना काही बिघडतं ते इंजिन बंद पडल्यामुळे, चाक न उघडल्यामुळे, आग लागल्यामुळे. तसंही होतं. पण अहवालांमागून अहवाल वाचताना दिसलं ते हे की कितीतरी वेळा विमान धडधाकट होतं, आणि शेवटच्या चार-पाच मिनिटांत साध्या साध्या गोष्टी एकीवर एक चढत गेल्या.

पुढचं तुम्हाला पाठ आहे. पण हे पत्र खुलं आहे, तुमच्या मागे बसणारे लोकही ते वाचतील, म्हणून मला समजलं तसं लिहिते.

जेट साधारण ३ अंशांच्या उतारावरून खाली येतं, म्हणजे दर सागरी मैलाला सुमारे ३०० फूट. मिनिटाला सात-आठशे फूट उतरत ते धावपट्टीच्या तोंडावरून सुमारे ५० फुटांवर येतं आणि सुरुवातीच्या पट्ट्यात टेकतं. मोठ्या धावपट्टीवर हा पट्टा पहिल्या ३,००० फुटांचा धरतात. या सगळ्यात सांभाळायची असते ती विमानाच्या अंगातली ऊर्जा. उंची ही ऊर्जा आहे, वेग हीसुद्धा ऊर्जा आहे. उंची पटकन कमी करायला जावं तर तीच वेगात उतरते. जेटचं अंग इतकं गुळगुळीत असतं की खाली ये आणि हळूही हो, या दोन्ही गोष्टी त्याच्याकडून एकदम करून घेणं अवघड जातं. वेग १० टक्क्यांनी जास्त असेल तर जिरवायची ऊर्जा २१ टक्क्यांनी जास्त असते. जमिनीजवळ आल्यावर पंखाखालची हवा विमानाला जणू उचलून धरते. वेग जास्त असला की ते तरंगत राहतं, आणि तरंगण्याच्या प्रत्येक सेकंदाला दोन-अडीचशे फूट धावपट्टी मागे जाते. त्यात वारा पाठीमागून असेल तर जमिनीवरचा वेग आणखी वाढतो. धावपट्टी ओली असेल तर टायर पाण्याच्या थरावर घसरतात, ब्रेक लागलेले असूनही न लागल्यासारखे होतात.

एकेका गोष्टीला बघितलं तर काहीच नाही. थोडी उंची जास्त, थोडा वेग जास्त, थोडा वारा, थोडा पाऊस. म्हणून तर माणूस म्हणतो, होईल.

टेकल्यावरही काम संपत नाही, हे मला ठाऊकच नव्हतं. खिडकीतून दिसतात ना, टेकताक्षणी पंखावर उभ्या राहणाऱ्या पट्ट्या, त्यांना स्पॉइलर म्हणतात. मी कितीदा पाहिल्या असतील, पण वाऱ्याला अडवायला असतील एवढंच समजत होते. त्या पंखाची उचल मोडतात आणि विमानाचा भार चाकांवर आणतात. भार आला की ब्रेकना पकड मिळते. १ जून १९९९ रोजी अमेरिकेत लिटल रॉक इथे वादळी पावसात एक एमडी-८२ उतरलं. घाईगर्दीत त्या पट्ट्या आपोआप उघडण्यासाठी तयार करून ठेवायच्या राहून गेल्या, आणि टेकल्यावर त्या उघडल्या नाहीत हेही लक्षात आलं नाही. विमान धावपट्टी ओलांडून गेलं. ११ माणसं गेली, त्यांत कॅप्टनही होते. एका तरफेची गोष्ट. दोन माणसं शेजारी बसवायची कशासाठी, याचं उत्तर मला त्या तरफेत दिसलं.

ज्या गोष्टींवर तुमचा इलाज नसतो त्यांचीही मला जाणीव आहे. २ ऑगस्ट १९८५ रोजी डॅलसला गडगडाटी ढगाखालून येणाऱ्या लॉकहीड विमानाला वरून कोसळणाऱ्या वाऱ्याने खाली दाबलं आणि १३७ जण गेले. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदावर एअरबस टेकली तेव्हा धावपट्टीवर तटरक्षक दलाचं छोटं विमान उभं होतं. मोठ्या विमानातले ३७९ च्या ३७९ जण बाहेर पडले, छोट्या विमानातले पाच जण गेले. अशा प्रत्येक अपघातानंतर माणसांनी काही ना काही उपाय शोधला आहे. डॅलसनंतर अशा वाऱ्याची चाहूल देणारी यंत्रं जेटमध्ये आली.

पण उजवीकडच्या खुर्चीतून आलेला शब्द डावीकडे पोचत नाही, याच्यावर कुठलं यंत्र बसवणार?

आता ज्या अहवालांमुळे मी हे पत्र लिहायला घेतलं त्यांच्याकडे येते.

२२ मे २०१०, मंगळुरू. दुबईहून आलेलं बोईंग ७३७. विमानात १६६ माणसं, त्यांतली १५८ गेली. कॅप्टनना त्या प्रवासात सुमारे १ तास ४० मिनिटं झोप लागली होती. उतरायला सुरुवात उशिरा झाली, विमान उंच राहिलं, मग घाईघाईने खाली आणलं गेलं. सहवैमानिक तीन वेळा गो-अराउंड म्हणाला. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारं यंत्रही ओरडत होतं. विमान धावपट्टीच्या तोंडापासून सुमारे ५,२०० फुटांवर टेकलं. थांबायला जेमतेम २,८०० फूट उरले. टेबलासारख्या पठारावरची ती धावपट्टी. इंजिनांचा झोत पुढे वळवून विमान थांबवणारे रिव्हर्सर उघडल्यानंतर पुन्हा वर उठायचा प्रयत्न झाला, आणि रिव्हर्सर उघडल्यावर वर उठण्याची वाट बंद झालेली असते हे तुम्हाला मी सांगायला नको. चौकशी समितीने कारण लिहिलं ते असं की, अस्थिर अवतरण, म्हणजे वेग किंवा उंची ठरलेल्या मर्यादेत नसताना चाललेलं उतरणं, कॅप्टनने सोडून दिलं नाही, सहवैमानिकाने तीनदा सांगूनही उतरण्याचा आग्रह धरला. त्याच अहवालात आणखी एक वाक्य आहे, ते मी वहीत उतरवून ठेवलं आहे. सहवैमानिकाने स्वतः गो-अराउंड सुरू करावा की नाही याबद्दलच्या सूचनांमध्ये संदिग्धता होती, बहुधा म्हणूनच तो वारंवार म्हणत राहिला पण नियंत्रण त्याने हातात घेतलं नाही.

७ ऑगस्ट २०२०, कोळिकोड. पुन्हा दुबईहून आलेलं बोईंग ७३७, पुन्हा पठारावरची धावपट्टी. धो धो पाऊस. एकदा उतरायचा प्रयत्न सोडून विमान वर गेलं होतं आणि मग दुसऱ्या दिशेने आलं, तेव्हा वारा पाठीमागून होता. ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर ते ४,४३८ फुटांवर टेकलं, म्हणजे अर्धी धावपट्टी मागे टाकून. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. अहवाल सांगतो की सहवैमानिकाने गो-अराउंड म्हटलं होतं. तो केला गेला नाही. आणि सहवैमानिकाने नियंत्रण हातात घेऊन तो स्वतः केला नाही.

दोन्ही अहवाल मी शेजारी शेजारी ठेवून वाचले. मधे दहा वर्षं गेली आहेत. माणसं वेगळी, हवामान वेगळं, आणि दोष मात्र जवळजवळ त्याच शब्दांत लिहिलेला.

हे इथलंच आहे, आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांपुढे मान खाली घालण्याच्या सवयीतून येतं, असं मला आधी वाटलं. पण ७ मार्च २००७ रोजी इंडोनेशियात योग्यकर्ता इथे हेच झालं. यंत्राने १५ वेळा इशारा दिला, सहवैमानिकाने गो-अराउंड म्हटलं, आणि विमान २२१ नॉटच्या वेगाने टेकलं. उतरण्याचा नेहमीचा वेग १३४ नॉटच्या आसपास असायला हवा होता. २१ जण गेले. तिथेही अहवालाने नमूद केलं की सहवैमानिकाने नियंत्रण घ्यायला हवं होतं. त्याआधी ६ ऑगस्ट १९९७ रोजी ग्वामला रात्री पावसात एक जम्बो जेट विमानतळाच्या तीन मैल अलीकडे टेकडीवर आदळलं, २२८ जण गेले. सहवैमानिकाचं सांगणं अगदी शेवटच्या सेकंदांत आलं. आणि २८ डिसेंबर १९७८ ला अमेरिकेत पोर्टलंडला चाकांची शंका आली म्हणून विमान तासभर घिरट्या घालत राहिलं, इंधन संपलं, १० माणसं गेली. इंधन कमी होतंय हे फ्लाइट इंजिनिअरच्या बोलण्यात येत होतं, पण आडून आडून. त्यानंतर १९७९ साली नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि कॉकपिटमधल्या माणसांनी एकमेकांशी कसं बोलावं याचं शिक्षण सुरू झालं. माझ्या मुलीनेही ते घेतलं आहे, प्रमाणपत्रासकट. तरीही तिच्या तोंडून त्या रात्री "स्पीड" एवढंच आलं.

डावा-उजवा म्हणजे नुसती खुर्ची नव्हे, हेही मला समजतं. ६ जुलै २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोला डावीकडे या विमानावर नवीन असलेला कॅप्टन होता आणि उजवीकडे त्याला शिकवणारा. स्वच्छ दिवस, समोर लख्ख दिसणारी धावपट्टी. वेग १३७ नॉट हवा होता, तो १०३ पर्यंत उतरला, कारण यंत्र वेग सांभाळतंय असं सगळे धरून चालले होते. मागच्या खुर्चीवरचा तिसरा वैमानिक खाली येण्याचा दर जास्त आहे असं बोलत होता. शेपटी समुद्राकाठच्या बांधाला लागली. ३०७ पैकी तीन जण गेले. २५ फेब्रुवारी २००९ रोजी ॲमस्टरडॅमला तर कॉकपिटमध्ये तीन वैमानिक होते. उंची मोजणाऱ्या एका उपकरणाने उणे आठ फूट असा चुकीचा आकडा दाखवला, यंत्राला वाटलं आपण टेकलोच, आणि त्याने इंजिनांची ताकद काढून घेतली. वेग पडत गेला तो तिघांपैकी कुणाच्या वेळेवर लक्षात आला नाही. नऊ जण गेले, त्यांत ते तिघेही. म्हणजे बोलायला माणूस असणं पुरत नाही, त्याचं लक्ष मोकळं असावं लागतं आणि जीभही मोकळी असावी लागते. पहिल्या गोष्टीसाठी मी काही करू शकत नाही. दुसरी तुमच्या हातात आहे.

तुमच्यातले काही म्हणतील, बाई, गो-अराउंड म्हणजे काही रामबाण नाही. मान्य आहे, तेही वाचलं. ३ ऑगस्ट २०१६ रोजी दुबईला एका बोईंग ७७७ ने टेकल्यावर परत वर उठायचं ठरवलं. गो-अराउंडसाठी इंजिनांना आपोआप ताकद देणारं एक बटण असतं, पण चाकं टेकली की ते काम करत नाही, ताकद हाताने द्यावी लागते. ती मिळालीच नाही आणि विमान पोटावर आपटलं. आतले ३०० जण वाचले, आग विझवणारा एक जवान गेला. त्याच वर्षी १९ मार्चला रशियात रोस्तोवला रात्री, वादळी वाऱ्यात, दुसऱ्यांदा वर जाताना वैमानिकांचा तोल गेला, ६२ जण गेले. अंधारात ताकद एकदम वाढली की विमानाचं नाक फारच वर जातंय असा भास होतो आणि हात नाक खाली दाबायला जातो, असं मुलीने समजावलं. हे वाचून मी तिला विचारलं, मग गो-अराउंडच धोक्याचा नाही का? ती म्हणाली, "आई, उशिरा केलेला आणि क्वचितच केलेला गो-अराउंड अवघड जातो. पाचशे फुटांवर, आधीपासून मनात असलेला, तो आम्हाला रोज जमायला हवा."

पण रोज तो होतो कुठे? विमान सुरक्षेवर काम करणाऱ्या फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या संस्थेने २०१७ मध्ये यावरचा आपला मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असं दिसलं की अस्थिर झालेल्या अवतरणांपैकी जेमतेम ३ टक्क्यांत गो-अराउंड होतो. बाकीचे ९७ टक्के उतरतात. आणि त्यांतले बहुतेक सुखरूप उतरतात, माझ्या मुलीचं विमान उतरलं तसंच. हीच यातली अडचण आहे. प्रत्येक वेळी सुखरूप उतरलं की मनात एक खूण बसते, की एवढं चालतं. पुढच्या वेळी आणखी थोडं चालतं. त्या रात्री मागे वाजलेल्या टाळ्यांनी ती खूण आणखी पक्की केली असेल, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांचा त्यात काय दोष.

वेळेवर सोडून दिलेलं अवतरण मात्र कुणाच्या लक्षातही राहत नाही. ७ जुलै २०१७ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोला एक एअरबस धावपट्टी समजून शेजारच्या टॅक्सीवेवर, म्हणजे विमानं धावपट्टीकडे ये-जा करतात त्या रस्त्यावर, उतरायला निघाली. तिथे प्रवाशांनी भरलेली चार विमानं ओळीने उभी होती. एअरबस ६० फुटांच्या आसपास खाली आली आणि वर निघून गेली. एकालाही ओरखडा नाही. त्या चार विमानांतल्या किती जणांना माहीत असेल की त्या रात्री काय टळलं?

मागे बसणाऱ्यांसाठीही एक शब्द. विमान उतरता उतरता एकदम गर्जना करून वर निघालं की पोटात गोळा येतो, मलाही आला आहे. त्या वेळी दोन मिनिटं वरून काही घोषणा झाली नाही तर रागावू नका. पुढे दोघांचे हात आणि कान कामात असतात. आणि उतरताना दारात "जमलं नाही वाटतं पहिल्यांदा" असं कुणाला म्हणू नका. ते वाक्य कॅप्टनच्या कानावर पडतं, आणि पुढच्या वेळी पाचशे फुटांवर ते आठवू शकतं.

आता मागणं.

काही महिन्यांपूर्वी तिचा फोन आला, विमानतळावरच्या बसमधून. मागे माणसांचा गलका होता. त्या दिवशीच्या कॅप्टननी खाली यायला सुरुवात करण्याआधी, नेहमीचं सगळं बोलून झाल्यावर, तिच्याकडे मान वळवून सांगितलं होतं, "तू गो-अराउंड म्हणालीस तर मी करणार. का म्हणालीस ते वर गेल्यावर विचारेन." सहाशे फुटांवर वारा फिरला, विमान उताराच्या रेषेवरून वर गेलं, वेग हलायला लागला. ती म्हणाली, "गो-अराउंड." तिच्या म्हणण्याप्रमाणे शब्द पूर्ण व्हायच्या आत त्यांचा हात पुढे गेला होता. त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. वर गेले, एक फेरी मारली, साधारण पंधरा मिनिटांनी शांतपणे उतरले. इंजिनं बंद केल्यावर कागद भरता भरता ते म्हणाले, "बरं केलंस. मी अजून दोन सेकंद बघितलं असतं."

तेच माझं मागणं आहे. ते एक वाक्य उतरायला लागण्याआधी दर वेळी उजवीकडच्या माणसाला सांगा. तो नवा असो, जुना असो, कालच सांगितलेलं असो, तुमच्या कंपनीच्या पुस्तकात ते छापलेलं असो. छापलेलं तर तिच्या पुस्तकातही होतं. तुमच्या तोंडून ऐकलेलं वेगळं असतं. आणि तो शब्द आला की आधी करा, विचारा नंतर. नंतर विचारताना तो चुकला होता असं निघालं, विनाकारण गो-अराउंड झाला असं निघालं, तरी "बरं केलंस" म्हणा. चुकीच्या गो-अराउंडला पंधरा मिनिटं आणि थोडं इंधन जातं. पण त्या चुकीवर तुम्ही भुवई जरी उंचावली, तरी ती मुलगी पुढच्या वेळी दुसऱ्याच कुणा कॅप्टनशेजारी बसून "स्पीड" एवढंच म्हणेल.

कंपन्यांच्या वरिष्ठांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांनाही सांगते. नोंदींमध्ये अस्थिर अवतरण सापडलं आणि तुम्ही कॅप्टनला बोलावलंत की दुसऱ्यालाही बोलवा. दम द्यायला नाही, ऐकायला. तू काय बघत होतीस, काय म्हणावंसं वाटलं, काय आडवं आलं, एवढं विचारा. त्या रात्री माझ्यासमोर ती जे बोलली, ते तुमच्यासमोर बोलायला हवं होतं.

पत्र पाठवण्याआधी मी ते तिला वाचून दाखवलं. ती सगळं ऐकून घेत होती. आकडे दोन ठिकाणी तिने दुरुस्त केले. मग म्हणाली, "आई, तू सगळं कॅप्टनांनाच लिहिलंयस. आमच्यासाठीही लिही. त्या अहवालांत आमच्याबद्दल काय म्हटलंय? नियंत्रण घेतलं नाही. नुसतं म्हणून थांबायचं नसतं. दोनदा म्हटलं, उत्तर आलं नाही, काही बदललं नाही, तर 'आय हॅव कंट्रोल' म्हणायचं आणि विमान आपण वर न्यायचं."

मी विचारलं, "तुला जमेल?"

ती म्हणाली, "सिम्युलेटरवर मागून घेतलंय मी. पुढच्या महिन्यात कॅप्टन मुद्दाम ऐकणार नाहीत, आणि मी विमान हातात घ्यायचं. तेवढंच करायचं, पुन्हा पुन्हा."

आपली,
उजवीकडच्या खुर्चीत बसणाऱ्या एका मुलीची आई